सकाळी चेहऱ्याला तीनच गोष्टी

“ताई, दार लावून घेता का?” असं म्हणत ती मुलगी खुर्चीत बसली आणि मगच तिने तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडला.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल होता. धुळ्यात एप्रिलच्या दुपारी माझ्या पार्लरमध्ये सहसा कोणी येत नाही. देवपुरात आमच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं पार्लर. दोन खुर्च्या, मोठा आरसा, कूलर आणि भिंतीवर मी तयार केलेल्या नवऱ्या मुलींचे फोटो. दुपारी मी कूलरसमोर जरा पाठ टेकते आणि चारनंतर पुन्हा कामाला लागते. ही मुलगी तीन वाजता आली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती भिवया करायला आलेली नाही.

दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल होते. त्यावर बारीक पाणीदार फोड आणि ओठांच्या कडेला सोललेली कातडी. तिचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“चार दिवस झाले. डबी संपली होती आणि तुम्ही गावाला गेलेल्या. म्हणून आठवडाभर लावलं नाही. मग हे सुरू झालं. गॅससमोर उभं राहवत नाही, ताई. आईला सांगितलं, गरमीने झालंय.”

मी तिच्या हनुवटीला हात लावायला गेले तर ती मागे सरकली. मी फ्रिजमधून बर्फ आणला, पातळ रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “गरमीचंच असेल. होईल कमी.”

हे मी खोटं बोलले. कशाने झालंय ते मला पक्कं माहीत होतं. तिने बर्फ गालाला लावला, पाच मिनिटं डोळे मिटून बसली आणि पुन्हा स्कार्फ बांधून स्कूटीवर निघून गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक मुलीच्या तोंडाला स्कार्फ असतो. त्यामुळे चार दिवस हिचा चेहरा घराबाहेर कोणालाच दिसला नव्हता.

डबीविषयी सांगायला हवं. मी सव्वीस वर्षांची असताना जळगावला एका क्लासमध्ये पार्लरचा कोर्स केला. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल, केसांची कामं, सगळं शिकून झाल्यावर शेवटच्या दिवशी मॅडमने दार लावून आम्हा चौघींना एक गोष्ट दाखवली. मेडिकलमध्ये मिळणारी एक ट्यूब, जी खरं तर खाजेवर देतात, आणि बाजारातून घाऊक मिळणारं, लेबल नसलेलं एक पांढरं क्रीम. दोन्ही एकत्र करून छोट्या पांढऱ्या डबीत भरायचं. “फेशियलला बाई महिन्याने येते,” मॅडम म्हणाल्या, “डबीला ती येतच राहते.” आम्ही ते वहीत लिहून घेतलं. ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं आणि ते असं चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळायचं नसतं, हे मॅडमने सांगितलं नाही. त्यांना स्वतःला तरी ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

पहिली डबी मी माझ्याचसाठी केली. मी काळी आहे. आमच्याकडे पाहुण्यांसमोर ‘सावळी’ म्हणतात, घरात काळीच म्हणतात. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात मी वाढले. आई-वडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे. मला बघायला पाहुणे येणार असले की आई माझ्या तोंडावर इतकी पावडर थापायची की मान आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटायचे. तरी दोन ठिकाणांहून नकार आले. तिसऱ्या ठिकाणी लग्न झालं. नवरा चांगला आहे, कापडाच्या दुकानात काउंटरवर असतो, माझ्या रंगाविषयी तो कधी चांगलं-वाईट बोलला नाही. पण डबी लावायला लागल्यावर पंधरा दिवसांत नणंद म्हणाली, “वहिनी, काय करतेस गं हल्ली? उजळलीस.” ते ऐकून मला जे वाटलं ते अजून आठवतं. त्या दिवसांत मी आरशासमोरून उगाचच दोन-दोनदा जायचे.

तेव्हापासून वर्षानुवर्षं मी डबी लावत होते आणि देत होते. एकदा नंदुरबारला लग्नाला गेले आणि डबी घरी विसरली. तिसऱ्या दिवशी गाल पेटले. घरी येऊन लावल्यावर तासाभरात शांत झाले. तेव्हा मला कळलं की हे सुटणारं नाही. कळलं, आणि मी पुढे काहीच केलं नाही. पर्समध्ये एक जास्तीची डबी ठेवायला लागले, एवढंच.

म्हणून त्या मुलीचा चेहरा पाहताक्षणी मला सगळं माहीत होतं.

संध्याकाळी नवरा दुकानातून आल्यावर मी त्याला सांगितलं. तो हातपाय धुऊन जेवायला बसला होता.

“तू एकटीच देतेस का?” तो म्हणाला. “सगळ्या पार्लरवाल्या देतात.”

“ती माझ्याकडून घेऊन गेली.”

त्याने घास खाली ठेवला. “मग डॉक्टरला दाखव,” म्हणाला. “आणि तिला खरं काय ते सांग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्या मुलीच्या घरी गेले. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. तिची आई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणते. ती अंगणात सडा टाकत होती. मी म्हणाले, “अक्का, पोरीला स्किनच्या डॉक्टरला दाखवू. जळगावला एक चांगले आहेत. मी घेऊन जाते.”

डॉक्टर धुळ्यातही आहेत, चांगले आहेत. पण धुळ्यात मला ओळखणारं कोणीतरी भेटलं असतं. जळगावचं नाव मी त्यासाठी घेतलं. अक्काला ते काय माहीत? तिने बादली ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि माझा हात धरला. “ताई, पोरीसाठी किती करतेस गं,” म्हणाली. मी मान खाली घातली. खरं सांगायची ती वेळ होती. मला नाही जमलं.

आम्ही साडेआठच्या बसने निघालो. मुलगी खिडकीशी बसली होती, स्कार्फ डोळ्यांपर्यंत. ती एका क्लासमध्ये लहान मुलांना गणित शिकवायची. होणारा नवरा चाळीसगावच्या एका शाळेत क्लार्क होता. फागणं गाव मागे पडल्यावर ती स्कार्फच्या आतून म्हणाली, “ताई, त्यांनी माझा फोटो पाहून होकार दिला होता. तो फोटो डबीच्या आधीचा होता.”

“मग डबी कशाला घेतलीस?”

“सगळे म्हणाले, लग्नाच्या फोटोत उठून दिसायला पाहिजे.” मग म्हणाली, “तुम्हीपण म्हणाला होतात.”

ती रागाने म्हणाली नाही. घडलेलं सांगितलं, बस. पारोळा गेलं, एरंडोल गेलं.

दवाखान्यात गर्दी होती. आत पंखा चालू होता, ऊन बाहेर राहिलं होतं, तरी बसलेल्यांपैकी निम्म्या बायकांच्या तोंडावर स्कार्फ किंवा पदर होता. माझ्या शेजारी नशिराबादची एक बाई दहावीतल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीच्या कपाळावर, गालांवर पुरळच पुरळ. कोणी विचारलं नसताना ती बाई मला सांगायला लागली, “पार्लरवाल्या बाईने क्रीम दिलं हो. पोरीचं तोंड जाळलं मेलीने. स्वतःच्या पोरीला दिलं असतं का तिने?” मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. पर्समध्ये माझी डबी होती. माझ्याबरोबरची मुलगी माझ्याकडे बघत होती.

डॉक्टर वयस्कर होते, जाड चष्म्याचे, हळू बोलणारे. त्यांनी मुलीचा चेहरा दिव्याखाली पाहिला आणि विचारलं, “काय लावत होता?”

ती म्हणाली, “असंच. मेडिकलमधून आणलेलं.”

ती मला वाचवत होती. चोवीस वर्षांची मुलगी, चेहरा पेटलेला, लग्न तोंडावर, आणि ती मला वाचवत होती. ते मला सहन झालं नाही. मी पर्स उघडून डबी टेबलावर ठेवली.

“मी दिलं, डॉक्टर. माझं पार्लर आहे. तीन महिने दिलं.”

डॉक्टरांनी झाकण काढून वास घेतला, बोटावर थोडं चोळून पाहिलं. मी बोलणी ऐकायची तयारी ठेवली होती. त्यांनी डबी बाजूला सरकवली आणि मला म्हणाले, “तुम्ही या खुर्चीत बसा.”

“मी?”

“हो. दिव्याकडे बघा.”

त्यांनी माझ्या गालावर भिंग धरलं. मुलीला जवळ बोलावून दाखवलं, “या बारीक लाल रेषा दिसतात? कातडी पातळ झालीय. आतल्या शिरा दिसायला लागल्यात. तुमचं तीन महिन्यांचं आहे. यांचं बऱ्याच वर्षांचं आहे.” मग मला विचारलं, “किती वर्षांचं?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि माझ्याही नावाचा कागद काढला.

दोघींना त्यांनी गोळ्या आणि रात्री लावायचं एक मलम दिलं. डबी त्या क्षणापासून बंद. मग म्हणाले, “सकाळी तीनच गोष्टी करायच्या. साध्या, बिनवासाच्या फेसवॉशने तोंड धुवायचं, चोळायचं नाही. टॉवेलने टिपायचं आणि कातडी जरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. ते मुरलं की सनस्क्रीन, दोन बोटं भरून, कानापर्यंत आणि मानेला पण. पाच मिनिटांचं काम आहे. त्यानंतर चेहऱ्याला हात लावायचा नाही.”

“हळद, बेसन?” मी विचारलं. मला कामाचं काहीतरी विचारायचं होतं.

“स्वयंपाकात वापरा.”

मुलीने विचारलं, “अकरा दिवसांत जाईल?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “थोडं कमी होईल. पूर्ण जायला महिने लागतील. ज्यांना सांगायचं असेल त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे मांडवात कोणाला धक्का बसणार नाही.”

दवाखान्यातून आम्ही बस स्टँडवर आलो. मुलीने एक कोपऱ्यातला बाक शोधला आणि चाळीसगावला व्हिडिओ कॉल लावला. मी उठून जायला लागले तर म्हणाली, “बसा ताई.” फोनमध्ये तो शाळेच्या कपाटासमोर उभा दिसला. ती म्हणाली, “तुम्हाला काहीतरी दाखवायचंय,” आणि तिने स्कार्फ काढला.

तो बघत राहिला. स्टँडवर गाड्यांची घोषणा चालली होती. मग तो म्हणाला, “दुखतं का?”

“आग होते.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

तिने सगळं सांगितलं. डबीचं सांगितलं, महिने लागतील हे सांगितलं. माझं नाव तिने तेव्हाही घेतलं नाही. तो म्हणाला, “आमच्या आईला मी सांगतो. तू औषध वेळेवर घे.” फोन ठेवताना म्हणाला, “जेवलीस का?”

नाही, जेवली नव्हती. कॅन्टीनमध्ये आम्ही दहीभात मागवला, कारण तिखट खाल्लं की तिचा चेहरा आणखी पेटायचा. ती पहिल्यांदा रडली ती तो दहीभात खाताना. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. दुसरं काय करणार?

घरी पोचलो तेव्हा अक्का ओट्यावर वाट पाहत होती. या वेळी मी ओट्यावरच बसले आणि सगळं सांगितलं. डबीत काय होतं, मला काय माहीत होतं आणि कधीपासून माहीत होतं. अक्का एरवी माझ्याशी शहरातली मराठी बोलते. त्या संध्याकाळी ती अहिराणीत बोलली. आवाज चढवला नाही. “माले वाटे, तू मन्ही पोरनी मोठी बहीण शे,” म्हणाली. “आते मन्हा घर येऊ नको.”

मी उठले आणि घरी आले.

लग्नाला मला बोलावणं नव्हतं. मेकअपला त्यांनी दुसरी बाई ठरवली. लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला माझा फोन वाजला. मुलगी कुजबुजत होती, “ताई, या मेकअपवाल्या ताई म्हणतात आधी ब्लीच करू, मग जाड बेस लावू. काय करू?”

“ब्लीच अजिबात नाही. त्यांना फोन दे.”

त्या बाईशी मी आधी नीट बोलले, मग विनवणी केली. “ताई, मी पण याच धंद्यातली आहे. तिचं तोंड पाण्याने धुवा, मॉइश्चरायझर लावा, दहा मिनिटं थांबा, सनस्क्रीन लावा. वरून अगदी हलका हात. लाली दिसली तर दिसू दे. झाकायला गेलात तर मांडवात पेटेल.” त्या बाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुम्हीच का डबीवाल्या?”

“हो.”

“मी पण देते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्न लागलं. मुलीने नंतर मला एक फोटो पाठवला. चेहरा लालसर होता, नाकाशेजारी सोललेलं स्पष्ट दिसत होतं. नवरा मुलगा तिच्या कानाशी काहीतरी बोलत होता आणि ती हसत होती.

मी स्वतः डबी दवाखान्यात गेलो त्याच दिवशी बंद केली होती. तिसऱ्या दिवसापासून माझं सुरू झालं आणि ते मुलीपेक्षा फार वाईट होतं. चेहरा सुजला. डोळे उघडायला त्रास व्हायचा. घाम गालावर आला की मिरची लागल्यासारखं व्हायचं, आणि मे महिन्यात घाम कोणाला चुकलाय? गिऱ्हाइकं येत, माझा चेहरा बघत आणि “नंतर येते” म्हणून जात. ज्या पार्लरवालीचं स्वतःचं तोंड असं, तिच्या हातात आपलं तोंड कोण देईल? पर्समध्ये आता डबी नव्हती, पण ती कशी बनवायची ते मला पाठ होतं. दोन वेळा मी मेडिकलपर्यंत जाऊन परत आले.

त्यात आई राहायला आली. मला बघून दारातच थांबली. “तुना तोंडले काय व्हयनं वं?” तिने विचारलं.

मी सांगितलं. ती कॉटवर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “काळी व्हती ते बरी व्हती.”

मला इतका राग आला की मी हातातला टॉवेल खाली टाकला. “हे आता म्हणतेस? पावडर कोण थापायचं माझ्या तोंडावर? हिला कोण करील, हिला कोण करील, असं शेजारणींना कोण सांगायचं?”

आईने टॉवेल उचलून त्याची घडी घातली. नंतर म्हणाली की तिला भीती वाटायची. मला कोणी नाकारलं की तिला वाटायचं, आपणच पोरीला असा रंग दिला. तिचा आणि माझा रंग एकच आहे. हे मला माहीत होतं, पण तिच्या बाजूने ते कसं दिसत असेल, हा विचार बेचाळीस वर्षांत माझ्या मनात आला नव्हता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझ्या गालाला हात लावायला बोट पुढे केलं आणि डॉक्टरांनी हात लावू नको सांगितलंय म्हटल्यावर मागे घेतलं.

आईच रोज सकाळी मला उठवायची. त्या काळात ते तीन गोष्टींचं काम मला डोंगराएवढं वाटायचं. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, त्याने तोंड धुतलं की कातडी ओढल्यासारखी व्हायची. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते आई माझ्या तोंडासाठी वेगळ्या कळशीत भरून ठेवायची. धुवायचं, टिपायचं, मॉइश्चरायझर लावायचं. तोवर चहाला आधण यायचं. चहा उकळेपर्यंत मॉइश्चरायझर मुरायचं, मग सनस्क्रीन. पहिलं सनस्क्रीन जे आणलं ते माझ्या रंगावर राखेसारखं बसायचं. नवरा म्हणाला, “चक्कीवरून आलीस का?” आई हसली, मग मीही हसले. नंतर दुसरं मिळालं, ते कातडीत मिसळायचं.

आई गावी गेल्यावर मी दुसरं काम हातात घेतलं. फोनमधली सगळी नावं एकेक करून पाहिली आणि ज्या ज्या बायकांना मी डबी दिली होती त्या सगळ्यांना फोन केले. रोज सकाळी तोंड धुऊन झालं की दोन फोन. त्याहून जास्त मला झेपायचे नाहीत. काही जणी चिडल्या. एकीने तिच्या नवऱ्याच्या हातात फोन दिला आणि त्याने मला जे ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. काही जणी घाबरल्या, त्यांना मी डॉक्टरांचा पत्ता दिला. आणि एक मोंढ्याजवळ राहणारी बाई म्हणाली, “मला तर छान चाललंय. तुम्ही देत राहा.” मी नाही म्हटलं. “बरं, दुसरीकडून घेईन,” ती म्हणाली. तिने घेतलीच. अजूनही घेते. मला रस्त्यात दिसते, गोरी दिसते, आणि मी तिचे गाल जवळून बघायचं टाळते.

दिवाळीच्या सुमाराला माझी लाली ओसरली. एका सकाळी तोंड धुऊन आरशात पाहिलं तर समोर मी होते. काळी. चेहऱ्याचा आणि मानेचा रंग एक झाला होता. मला फार आनंद झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. थोडं वाईटच वाटलं. नणंद आली की काय म्हणेल, हा विचार आलाच. पण आग होत नव्हती. गॅससमोर उभं राहून मी भाकरी केली आणि गाल पेटले नाहीत. किती वर्षांनी असं झालं होतं ते आठवेना. बारीक लाल रेषा काही गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्या राहतील.

पार्लर चालू आहे, पूर्वीइतकं नाही. नवीन मुली येतात, मोबाईलवर दहा-दहा बाटल्यांचे फोटो दाखवतात, सकाळी यातलं आधी काय लावू म्हणून विचारतात. मी तीन गोष्टी सांगते. बहुतेकींचा हिरमोड होतो. “एवढंच?” म्हणतात. एक म्हणाली, “ताई, याने गोरी नाही होणार ना?” मी म्हटलं, नाही होणार. तिने भिवया करून घेतल्या आणि पुन्हा आली नाही. धंद्यात खरं बोलायला मी उशिरा शिकले, त्याची किंमत आहे आणि ती मला मान्य आहे.

अक्का दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. भाजीबाजारात समोर आली तर रस्ता बदलायची. मीही तिला अडवलं नाही. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी चाळीसगावहून माहेरी आली आणि मला भेटायला पार्लरमध्ये आली. चेहरा बरा झाला होता, एका गालावर फिकट डाग तेवढा उरला होता. तिच्यामागे दारात अक्का उभी होती.

“आई पण आलीय,” मुलगी म्हणाली, जणू मला दिसत नव्हतं.

“ये ना, अक्का,” मी म्हणाले.

ती आत आली. आधी भिंतीवरचे फोटो पाहत राहिली, मग दुसऱ्या खुर्चीत बसली. “माझ्या भिवया करून दे,” म्हणाली. मी दोरा घेतला. तिने डोळे मिटले आणि दोन बोटांनी पापणी ताणून धरली.  दोन वेळा दोरा तुटला. तिने डोळे उघडले नाहीत.

झाल्यावर तिने आरशात पाहिलं आणि गालाच्या हाडावर बोट ठेवलं. दोन्ही गालांवर तपकिरी चट्टे होते, वांगाचे. “हे वर्षभरात आलंय. हिचे वडील म्हणतात, तोंड धूत जा नीट. याला काय लावू?”

“मी काही देणार नाही, अक्का. डॉक्टरांना दाखवावं लागेल. तोवर सकाळी तोंड धुवायचं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. उन्हात जाताना पदर पुढे घ्यायचा.”

“ते मला पोरीने सांगितलंय,” ती म्हणाली. पर्स उचलून उभी राहिली. दारापर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, “जळगावचे ते डॉक्टर मंगळवारी बसतात का?”

“बसतात.”

“मग मंगळवारी साडेआठची गाडी.”

मंगळवारी मी पावणेआठलाच स्टँडवर पोचले. ती माझ्याही आधी आली होती. बसमध्ये तिने मला खिडकीची जागा दिली. पारोळा आलं. मग तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात आखाजीच्या उरलेल्या सांजोऱ्या होत्या. एक स्वतः घेतली आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

“खाय,” ती म्हणाली.